ओल्या काँक्रीटमधला हात

"म्हातारबा, हे काँक्रीट आहे की पोलाद? सगळ्या छिन्न्या मोडल्या!" मुकादम वैतागला.

वास्तुशिल्पी एल्मरनं तरुणपणी उभारलेलं शिकागोतलं नाटकगृह पाडून झालं होतं. पाया तेवढा उरला होता. प्रत्येक इमारतीच्या पायाच्या ओल्या काँक्रीटवर लेकीच्या हाताचा पंजा उमटवायची त्याची रीत होती. लेक लहानपणीच तापानं गेली, बाकीच्या इमारतीही पडल्या. हा शेवटचा पंजा कोरून घरी न्यायला तो आला होता.

"नाही निघत हो, बाबा," मुकादम नरमला. "यावर माती घालून मोटारी लावणार आता."

"माझं काम कधी हलायचं नाही, असं मीच तिला सांगायचो."

एल्मरनं गुडघे टेकले, फुंकरीनं धूळ उडवली आणि त्या चिमुकल्या पंज्यावर आपला हात ठेवला. मातीचा ट्रक जवळ आला.

"हळू टाका रे," तो म्हणाला.