धाकटीचं गाव

धाकट्या बहिणीच्या गावात मित्रदेशाचा हवाई तळ आला, जमिनीखाली त्यांचे अणुबॉम्ब आले आणि इल्साचं नशीबच पालटलं. तिच्या खाणावळीत परदेशी सैनिकांची रीघ लागली. शेजारच्या गावात राहणारी तिची थोरली बहीण मार्लीन मनातल्या मनात जळत राहिली. सणावाराला धाकटीच्या अंगावर नवा कोट दिसला, की तिला घास गोड लागत नसे.

मग युद्धाची भाषा सुरू झाली. पहिला मारा त्या तळावरच होईल, असं शत्रूने जाहीर केलं. त्याच दुपारी इल्सा मुलीला घेऊन गाडीने आली आणि मार्लीनच्या दारात उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“ताई, काही दिवस ठेवून घेशील?”

“आता आठवली का बहीण?” मार्लीन बोलून गेली. कितीतरी वर्षांनी तिच्या जिवाला गार वाटलं.

भाचीने तिचा हात घट्ट धरला. “मावशी, इथे नाही ना काही होणार?”

मार्लीन उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात तळावरून विमान उडालं आणि तिच्या कपाटातली भांडी थरथरली. तिचा चेहरा उतरला.

“आत येऊ नका,” ती बहिणीला म्हणाली. “गाडी चालू कर. मी माझी बॅग भरते.”