वेंगुर्ल्यात दोन तास

बोटीचा पहिला भोंगा वाजला आणि पद्मावतीच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळला. लेकीच्या घरात येऊन तिला अजून तासही झाला नव्हता.

"आये, बस गो. दुसऱ्या भोंग्याक अजून येळ आसा," तुळसा म्हणाली.

पण पद्मावतीला बसवेना. बोट बंदरापासून लांब, खोल पाण्यात उभी होती. माल उतरेपर्यंतच्या दोन तासांत एक बस उतारूंना वेंगुर्ल्याच्या बाजारात आणून सोडी आणि परत बंदरावर नेई. तिथून छोट्या पडावात बसायचं आणि बोट गाठायची. बस चुकली की बोट चुकली. आणि बोटीवर पद्मावतीचा नवरा बसला होता.

नवरा म्हणजे मालवणचा बाबलीशेट, कोकमा-काजूचा व्यापारी. पाच वर्षांपूर्वी तुळसाने वेंगुर्ल्याच्या शिवाशी लग्न केलं. शिवा परजातीतला, बाजारात शिलाईचं मशीन चालवणारा. त्या दिवशी बाबलीशेटने भरल्या घरात सांगून टाकलं होतं, "त्या पोरीच्या उंबऱ्यार जो कोण पाय ठेवीत, त्याका माझ्या घरात जागा नाय." त्याचा शब्द मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. काका-मामांनी तुळसाला पत्र टाकायचं सोडलं. तिला मूल झालं एवढं कुणाकडून तरी पद्मावतीच्या कानावर आलं. मुलगा की मुलगी, हे विचारायचीही चोरी.

पुढे गोवा मोकळा झाला. बाबलीशेट धंद्यासाठी महिन्याच्या महिन्याला बोटीने पणजीला जाऊ लागला. यंदा कुलदेवीच्या दर्शनाला म्हणून त्याने पहिल्यांदाच बायकोला बरोबर घेतलं. वाटेत बोट वेंगुर्ल्याला थांबते हे कळल्यापासून पद्मावतीला झोप नव्हती. बोट थांबली तेव्हा तिने सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "सातेरीदेवीच्या पायां पडान येतंय."

"जा. माझे गुडघे धरलेत. मी हंयच बसतंय," बाबलीशेट म्हणाला. त्याने वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

पद्मावती देवळाकडे वळलीच नाही. बाजारात विचारत विचारत ती शिवाच्या दारात आली. तुळसाने तिला पाहिलं आणि हातातलं सूप तिथेच टाकून गळ्यात पडली. मागे तीनेक वर्षांची एक पोर उभी होती. शिवाच्या कातरणातून शिवलेला, सात रंगांचा झगा तिच्या अंगात होता.

"ही गंगू," तुळसा म्हणाली.

पद्मावतीने डोळ्यांनी सारं घर पिऊन घेतलं. सारवलेली जमीन, घासलेली भांडी, भरलेला तांदळाचा डबा. शिवाने मशीन थांबवून वाकून नमस्कार केला आणि स्वतः चहा टाकला. पाच वर्षं छातीवर बसलेला धोंडा उतरला. लेक सुखात होती. तिने आईला सगळ्यांची खुशाली विचारली, गोठ्यातल्या गाईचीसुद्धा. फक्त बापाचं नाव काढलं नाही. पद्मावतीला वाईट वाटलं, पण तिने लेकीला दोष दिला नाही.

दुसरा भोंगा वाजला तसं गंगूने आजीचा पदर घट्ट धरला. तो सोडवता सोडवता पद्मावतीला रडू आवरेना. ती धावत बाजारात पोचली तेव्हा बस सुटायची वेळ केव्हाच टळली होती.

बस मात्र उभी होती. आतले उतारू आरडाओरडा करत होते आणि ड्रायव्हर दाजी चाकाला टेकून शांतपणे विडी ओढत होता.

"जांभळ्या लुगड्यातल्या वैनी तुमीच मां? बसा. तुमका घेतल्याबगर गाडी हलवू नको, असो निरोप इलो बंदरावरसून."

"कोणाचो निरोप?"

"पडाववाल्यान सांगल्यान. त्येका बोटीवरसून कोणीतरी सांगल्यानी. माका काय ठावक!"

जांभळं लुगडं सांगून निरोप धाडणारा त्या बोटीवर एकच होता. देवदर्शनाला एवढा उशीर होत नाही, हे त्याने ताडलं असणार. देऊळ बाजाराच्या कुठल्या अंगाला आहे हेही तिने पाहिलं नव्हतं. कसली फुलं होती, कोण पुजारी होता, विचारलं तर काय सांगणार? बंदर आलं, पडाव आला. आता मालवणच्या घराचं दार आपल्यालाही बंद. होऊ दे, तिने मनाशी म्हटलं. पोरीला तर पाहिलं.

बाबलीशेट वळकटीवर तसाच बसला होता. त्याने सरकून तिला जागा करून दिली. देवीचं दर्शन झालं का, असं त्याने विचारलं नाही. बोट हलली. वेंगुर्ल्याचे माड लहान लहान होत गेले. मग समुद्राकडे बघत तो हळूच म्हणाला, "गंगूचो खोकलो बरो झालो मां गो?"

पद्मावती गर्रकन त्याच्याकडे वळली. "तुमका... तुमका कसा ठावक?"

बाबलीशेटने वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"दर म्हयन्याक बोट हंय दोन तास उभी रवता. तितको येळ बोटीर बसान मी काय करू गो?"