पन्नासातली पंचवीस

“हात लावू नकोस,” आर्डिस म्हणाली. “आधी ही रिकामी करू दे.”

काडतुसं भरायच्या यंत्रावरची प्लास्टिकची बाटली तिनं फिरवून काढली. आतली बंदुकीची दारू अकरा वर्षं तशीच पडून होती. बाटली तपकिरी पडली होती. आर्डिस गॅरेजच्या दारातून दोन पावलं बाहेर गेली आणि तिनं सगळी दारू गवतावर भिरकावून दिली.

“एवढी वाया?” ट्रूडीनं विचारलं.

“कुठल्या डब्यातली ते आता कोण सांगणार? ओळख पटत नाही ती दारू भरायची नसते. बाटलीत एक रात्रसुद्धा ठेवायची नसते.”

“मग तुम्ही अकरा वर्षं कशी ठेवलीत?”

आर्डिसनं तिच्याकडे असं बघितलं, की ट्रूडी मुकाट्यानं फ्रीजरवरच्या केककडे बघायला लागली. केक तिनंच करून आणला होता. त्यावरचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी ओर्विन आर्डिसला सोडून ट्रूडीकडे आला. काडीमोडाच्या वाटणीत त्यानं फक्त हे यंत्र मागितलं होतं. आर्डिसनं नेमकं तेच ठेवून घेतलं, आणि पुन्हा कधी वापरलं नाही.

ट्रूडी या दारात मेली तरी आली नसती. पण शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम सुरू होत होता. ओर्विननं आधीच सांगून ठेवलं होतं: पन्नास काडतुसं, हातानं भरलेली, आणि पहिल्याच दिवशी. दोन दुकानदारांनी असलं काम घेत नाही म्हणून हात झटकले. ट्रूडीला भरता येत नव्हतं. शेवटी चाळीस मैल गाडी हाकत ती इथे आली होती.

“पन्नासातली पंचवीस माझी,” आर्डिस म्हणाली.

“काय?”

“कानानं धड आहेस की. यंत्र माझं, दारू माझी, माप मी बसवणार. पंचवीस माझी.”

“एकही मिळणार नाही. ओर्विननं मला सांगितलंय, तुम्हाला नाही.”

“मग शिवणयंत्रावर भर जा.”

ट्रूडीनं किल्ल्या उचलल्या. परत ठेवल्या. आज गुरुवार होता.

आर्डिसनं नवा डबा उघडला. वरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, ट्रूडीला वाचायला लावली, मग बाकीचे सगळे डबे टेबलावरून उचलून कपाटात ठेवले. दारू बाटलीत ओतली, बाटली यंत्रावर बसवली.

“ओढ हँडल. माझा खांदा कामातून गेलाय.”

ट्रूडीनं ओढलं. मापातून चिमूटभर दारू खालच्या वाटीत पडली. आर्डिसनं ती न बघताच बाटलीत परत टाकली.

“पहिली काही मापं खोटी असतात. दारू अजून बसलेली नसते. ओढ. अगं बये, दर वेळी सारखं ओढ! एकदा ओढतेस, एकदा गोंजारतेस. हँडल आहे ते, तुझं मांजर नाही.”

“शिकवताना सगळ्यांशी असंच बोलता?”

“नाही. इतरांनी माझा नवरा नेलेला नाही.”

दहा मापं झाली. आर्डिसनं प्रत्येक तराजूवर तोललं. सात जुळली, तीन नाही. तिनं मापाचा स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा दहा. आता नऊ जुळली.

“शनिवारी कुठे नेणार त्याला?” तराजूवरची नजर न काढता तिनं विचारलं.

“आमच्या मक्याच्या शेतात. माझे भाऊ असतील.”

“मका!” आर्डिस नाकातून हसली. “मक्यात त्याला शिंका यायच्या. तळं लागायचं त्याला. तळ्याकाठचं लव्हाळं, गुडघाभर चिखल, आणि फेझंट उठला की पोरासारखी आरोळी.”

ट्रूडीनं हँडल अर्ध्यातच सोडलं. “मला तळ्याचं कधी बोलला नाही.”

“तुझ्याकडे तळं कुठंय? बोलून काय करणार?”

ते मात्र लागलं. अकरा वर्षांत ओर्विन दर मोसमाला मक्यात गेला होता, शिंकला होता, आणि हवेतल्या धुळीला दोष दिला होता. ट्रूडीनं त्याला दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं.

पुन्हा दहा मापं झाली. या वेळी दहाही जुळली. आर्डिसनं तराजू पुसला, आणि स्क्रू आवळायच्या ऐवजी त्यावर नुसतं बोट ठेवून उभी राहिली.

“अर्धा फेरा उलटा दिला, की रात्रभर बस माप शोधत.”

“धमकी देताय?”

“देतेय.”

ट्रूडीला वाटणी नको होती. आर्डिसला सव्वीस वर्षं मिळाली होती, तिला अकराच. पण ते तळं आता डोक्यातून निघेना.

“पंचवीस तुमची, तळ्यावर उडवायला,” ती म्हणाली. “पण पन्नासच्या पन्नास वेळा हँडल मीच ओढणार.”

आर्डिसनं स्क्रू आवळला. “छर्रे अर्धेच घाल. वर जागा सोड.”

“कळतं मला.”

पहिल्या काडतुसात दारू पडली, बूच बसलं, अर्धे छर्रे पडले.

“आण त्याला आता,” आर्डिस म्हणाली.

ट्रूडी बाहेर पिकअपकडे गेली. ओर्विन पुढच्याच सीटवर होता. तिनं त्याचा पट्टा सोडला. ती परत आली तेव्हा आर्डिसनं टेबलावर धुतलेलं फडकं अंथरून ठेवलं होतं. ट्रूडीनं दोन्ही हातांत धरून आणलेला पितळी डबा त्यावर टेकवला, आर्डिसनं झाकण फिरवलं, ओर्विनची चमचाभर राख पहिल्या काडतुसात छर्‍यांवर सोडली आणि म्हणाली, “ओढ.”