डमी अर्ज

आनंदराव वकिलांचा अर्ज बाद झाला तेव्हा त्र्यंबक मास्तर ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत बाकावर बसून वकिलांचीच बॅग सांभाळत होते.

देशातली पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. बाद होण्याचा अजून कुणाला सराव नव्हता. सरकारी पदावरच्या माणसाला उभं राहता येत नसे, आणि आनंदरावांनी सरकारी वकिलीचा राजीनामा दिला नव्हता. निवडून नाही आलो तर काय, एवढा साधा विचार त्यांनी केला होता. दुर्दैवाने कायदा करणाऱ्यांनीही तो करून ठेवला होता. मात्र पक्षाने खबरदारी म्हणून दुसरा एक अर्ज भरलेला होता, डमी म्हणून. पहिला टिकला की दुसऱ्याने मुकाट्याने नाव मागे घ्यायचं. या कामाला माणूस असा लागतो, की ज्याने नाव मागे घेतलं काय आणि दिलं काय, कुणाच्या लक्षात येऊ नये. पक्षाकडे त्र्यंबक मास्तर होते.

अधिकाऱ्याने मास्तरांचं नाव पुकारलं. मास्तर बॅगेसकट उभे राहिले. अधिकाऱ्याने पक्षाचं चिन्ह त्यांच्या नावापुढे लिहिलं, आणि पक्षाचे चिटणीस मधुभाऊ यांनी खाली सही केली. त्या घटकेला त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

मास्तर डोंबिवलीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पक्षाच्या सभांना त्यांनी वर्षानुवर्षं सतरंज्या घातल्या. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले आणि सुटल्यावर परत सतरंज्या घालू लागले. मध्यंतरी त्यांनी वाचनालयात अमेरिकेतल्या पक्षांवर व्याख्यान दिलं होतं. तिथे कित्येक राज्यांत पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवत नाहीत, साधे सभासद मतं टाकून ठरवतात. तिथला उपाध्यक्ष वर्षानुवर्षं नुसता बसून असतो; पण अध्यक्ष मध्येच वारला, की त्याच दिवशी शपथ घेतो आणि अख्खा पक्ष त्याच्या पाठीशी उभा राहतो. श्रोत्यांनी एकच शंका विचारली, की तिथल्या एका पक्षाने चिन्ह म्हणून गाढव का घेतलं. आभार मधुभाऊंनी मानले. ते मास्तरांचेच जुने विद्यार्थी. असले पायंडे आपल्याकडेही पडले पाहिजेत, असं ते कळवळून म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी घरी येऊन बायकोला, प्रमोदिनीबाईंना, बातमी सांगितली. बाईंनी ट्रंकेतला बंद गळ्याचा कोट काढून दांडीवर टाकला. मास्तरांना मंत्री व्हायचं नव्हतं. एकदा तरी पक्षाचा माणूस म्हणून खुर्चीवरून बोलायचं, एवढीच त्यांची हौस होती. डोंबिवलीच्या पाण्यावरचं भाषण त्यांनी रात्रीतच पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी मधुभाऊ पेढे घेऊन आले. मास्तरांनी एक पेढा तोंडात घातला आणि मग त्यांना कळलं, की पेढे नाव मागे घेण्याचे आहेत. कळव्याचे मिठागरवाले काळुरामशेठ अपक्ष उभे होते. पक्षाने तिकीट नाकारलं म्हणून उभे राहिले होते, आणि परवापर्यंत पक्ष त्यांना चौकाचौकात गद्दार म्हणत होता. आता पक्ष आतून त्यांच्याच मागे जाणार होता. निवडून आले की ते पक्षात येणार होते. मग मी कोण, असं मास्तरांनी विचारलं. तुम्ही आमचे मास्तर, असं मधुभाऊ म्हणाले. तेव्हा मास्तरांनी अमेरिका काढली.

"तिकडे दोन पक्ष आहेत, मास्तर, त्यांना असली चैन परवडते," मधुभाऊ म्हणाले. "आपल्याकडे धड असा एकच. त्याला जपायला नको?"

मास्तर नाही म्हणाले. पक्षाला ते पहिल्यांदाच नाही म्हणत होते, त्यामुळे तो शब्द जरा मोठ्याने निघाला. मधुभाऊ रागावले नाहीत. त्यांनी चहा संपवला, पेढे तिथेच ठेवले आणि वाकून नमस्कार करून गेले.

प्रचाराला कुणी फिरकलं नाही. मास्तर स्वतःच सतरंजी घालत, मग कोट घालून खुर्चीवर बसत. समोर प्रमोदिनीबाई आणि शेजारच्या दोन बायका असत. बाई प्रत्येक सभेत त्याच त्याच जागी टाळ्या वाजवीत.

मतदानाला तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, वर चिन्ह चिकटवलेलं. कळव्याच्या केंद्राबाहेर पक्षाचे स्वयंसेवक पक्षाचे बिल्ले लावून उभे होते आणि पक्षाची पेटी कुठली ते लोकांना नीट समजावून सांगत होते, चुकून तिच्यात मत पडू नये म्हणून. मास्तर एकटेच रस्त्याच्या कडेला उभे होते. काळुरामशेठ आपणहून चालत आले.

"मास्तर, उनान उबं नका रावू," ते म्हणाले. "आमचे मांडवान या. समदी तुमचीच मानसा हायेत."

काळुरामशेठ भरघोस मतांनी आले. मास्तरांची अनामत गेली.

आठवड्याभराने कल्याणच्या कचेरीत पक्षाची सभा भरली. सतरंज्या मास्तरांनीच घातल्या. त्या कुठे ठेवलेल्या असतात ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या ठरावाने काळुरामशेठना पक्षात घेतलं, हार घातला आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. दुसरा ठराव मधुभाऊंनी खाली बघून वाचला. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध निवडणूक लढवल्याबद्दल त्र्यंबक मास्तरांना पक्षातून काढून टाकण्यात येत होतं. कुणाला काही बोलायचंय का, असं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

मास्तर सतरंजीवरून उठले. भांडावं असं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"मधु, अधिकृत उमेदवार कोण होता रे?"

मधुभाऊंनी मान वर केली आणि वर्गात द्यावं तसं एका वाक्यात उत्तर दिलं.

"निवडून आला तो, मास्तर."