कागदात नसलेले पांडव

"येळवस तुमची तुमच्या रानात करा की!" शरणप्पा बांधावरून ओरडला.

विठाबाई थांबल्या नाहीत. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन पांडव पुजायचा दिवस. डोक्यावर आंबिलानं भरलेलं बिंदगं, मागं भज्जीची पाटी घेतलेला मुलगा उत्तरेश्वर. हे रान त्यांनी पावसाळ्याआधी शरणप्पाला विकलं होतं. कडब्याच्या कोपीपाशी येऊन त्यांनी बिंदगं टेकवलं. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड होते. पाच पांडव.

"हे आमच्या मामंजींनी बसवल्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्या बैनाम्यात हैत का?"

शरणप्पानं कपाळावर हात मारला. बैनाम्यात, म्हणजे खरेदीखतात, जमीन होती, विहीर होती, एकेक लिंब होता. मोटेचं चाक तेवढं नव्हतं. विहिरीला चाक असतंच, ते कोण लिहितं? उत्तरेश्वरानं ते काढून घरी नेलं. आता चाकाचे खांबही आपलेच म्हणत होता. शरणप्पा उस्मानाबादच्या अदालतीत गेला, तर तिथं त्यालाच मनाई झाली : निकाल लागेपर्यंत त्या खांबांना दुसरं चाक बसवायचं नाही. एका पेशीला मुन्सफ नव्हते, दुसरीला वकील. गहू काही पेशीसाठी थांबत नव्हता. तो पोटरीत आला होता, ओंबी अजून पानाच्या पोटात होती, आणि पानं पिवळी पडत होती. आता पाणी मिळालं नाही तर ओंबी भरणारच नव्हती.

"कागदात न्हाय ते ईकलं न्हाय," उत्तरेश्वर म्हणाला. वकिलानं शिकवलेलं हे वाक्य तो बाजारात, देवळात, कुठंही म्हणायचा.

"मंग रानातले उंदरं बी कागदात न्हाईत!"

"न्हाईतच की."

"घेऊन जा मंग! धर एकेक आन् जा घेऊन!"

शरणप्पाची बायको मल्लम्मा कडेवरचं लेकरू थोपटत ऐकत होती. बोलता बोलता दोघं विहिरीच्या काठाशी गेले होते. तिची नजर त्यांच्या पायांवर होती.

"मावशी," ती म्हणाली, "पांडव तुमचे. पुजा. पर तुमच्यात त्यांना शेंदलेलं पाणी चालतं का?"

"शेंदलेलं?" विठाबाई फणकारल्या. "पांडवांच्या नावानं मोट सोडल्याबिगर मामंजींनी येळवशीला घास खाल्ला न्हाय कवा."

"मंग मोट कशी सोडायची?"

विठाबाईंनी मुलाकडं पाहिलं.

"चाक आन."

"आई, पेशी हाय—"

"पेशी तुझी. पांडव माझे. आन जा."

शरणप्पानं तोंड उघडलं तशी मल्लम्मानं त्याची बाही ओढली. "मनाई तुमाला हाय. त्यांना न्हाय."

चाक आलं. उत्तरेश्वरानं मोट जोडली, बैलं धावेच्या उतारावरून खाली गेली, चाक कुरकुरलं. पहिली मोट थारोळ्यात रिती झाली. पाणी पाटानं कोपीपाशी आलं, तिथून गव्हाकडं वळलं. विठाबाईंनी ओंजळभर पाणी दगडावर शिंपडलं.

"ही धर्माची."

मग भीमाची, अर्जुनाची, नकुळाची. सहदेवाची झाल्यावर उत्तरेश्वरानं बैलं थांबवली आणि चाकाला हात घातला.

"कुंतीमाय राहिली," विठाबाई म्हणाल्या.

कुंतीची झाली. मग द्रौपदीची.

"झालं आता?" तो वैतागला.

विठाबाई गव्हात शिरल्या होत्या. पाणी बांधालगतच्या चार ओळी भिजवून तिथंच जिरलं होतं. पुढं सगळी जमीन भेगाळलेली. त्यांनी एक ताट धरलं आणि पोटुशी लेक माहेरी आल्यावर तिचं पोट चाचपावं तशी पोटरी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"कौरव किती होते रं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"आई, येळवशीला कौरव कोण पुजतं?"

"किती होते इचारलं."

उत्तरेश्वरानं बैलांकडं पाहिलं.

"शंभर."

"मंग उभा का? हाण बैलं."