बिनगांडुळांचा वाफा

लेकीची पीएचडी परसातल्या दोन वाफ्यांवर अडकली होती. एकात गांडुळं सोडलेली, दुसऱ्यात एकही नाही. गांडुळांच्या विष्ठेवर जिवाणू पोसतात आणि मातीत कर्ब टिकतो, हे तिला सिद्ध करायचं होतं.

तीन वर्षांनी मातीचा अहवाल आला. दोन्ही वाफ्यांत कर्ब अगदी सारखा!

"सर म्हणाले, तुझी गांडुळं नुसती बसून खाणारी निघाली," लेक मुसमुसत म्हणाली. "आता मला पीएचडी कोण देणार, आई?"

आईने मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"अगं, रोज सकाळी या वाफ्यातली मूठभर गांडुळं मीच त्या वाफ्यात टाकत होते. पोटच्या पोरांत कधी पंक्तिभेद केला नाही, तो वाफ्यांत करू?"