स्टुलावरचा मेकॅनिक

"एसी दुरुस्तीचं सर्टिफिकेट घ्या, महिना पंचवीस हजार कुठं गेले नाहीत," क्लासचे सर म्हणाले. फी चाळीस हजार होती. शिवणकामातून महिना सात हजार मिळवणाऱ्या मंदाकिनीला ते पटेना.

क्लासच्या ऑफिसचा एसी दुरुस्त करायला स्टुलावर चढलेला मेकॅनिक इथंच शिकला होता. तिने त्यालाच पगार विचारला.

त्याने सरांकडे पाहिलं. "पंचवीस."

सर फोन घ्यायला बाहेर गेले, तशी ती स्टुलाजवळ गेली. "दादा, खरं सांगा."

"बारा," तो हळूच म्हणाला. "पण ताई, काम नीट शिकवतात."

म्हणजे पाच हजार जास्त. आठ महिन्यांत फी वसूल.

सर परतल्यावर तिने फॉर्म मागितला.

"पंचवीस ऐकून पटलं ना?" सर हसले.

मेकॅनिककडे न बघता तिने मान डोलावली आणि सही केली.